मदत हवी आहे: .३०८ रायफलच्या केस (काडतुसाची पितळी नळकांडी) रीसाइज करूनही (दाबून पुन्हा मापात आणूनही) बोल्ट जड बंद होतोय

मी टेक्सासमध्ये राहतो, इथे स्वतःच्या वापरासाठी घरी रीलोडिंग (झाडलेल्या केस पुन्हा भरणं) करायला बंदी नाही. रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन, .३०८ विंचेस्टर. केसेस याच रायफलमधून 5 वेळा झाडलेल्या, एकदाही अ‍ॅनील (तापवून मऊ) केलेल्या नाहीत.

फुल-लेंग्थ डायमधून (पूर्ण केस दाबणाऱ्या साच्यातून) काढल्यावर कंपॅरेटरवर (मापकावर) शोल्डर (केसच्या मानेखालचा उतार) जेमतेम अर्धा हजारांश इंच मागे गेलेला दिसतो. मला 2 हजारांश हवाय. मार्कर लावून पाहिलं तर शाई फक्त शोल्डरवरची पुसली जाते, बुडाजवळची नाही, म्हणून स्मॉल-बेस डायची (बूड जास्त आवळणाऱ्या साच्याची) गरज वाटत नाही.

डाय शेल होल्डरला (प्रेसमध्ये केसचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवून आणखी पाव फेरा खाली दिला, लूब (वंगण) बदललं, एक्स्पांडर बॉल (केसची मान आतून रुंदावणारा गोळा) काढून पाहिला. लांबी 2.005 इंचांवर ट्रिम केलेली आहे. फायरिंग पिन काढून, रिकाम्या केसेसवरच तपासतोय. नव्या केसेस मात्र सहज बसतात.

खटकतं ते हे: प्रेसमध्ये केस नसताना डाय आणि शेल होल्डर घट्ट भिडतात, केस घातली की दोघांमध्ये उजेडाची बारीक फट दिसते. प्रेस लहान, अ‍ॅल्युमिनियमचा आहे. जास्त जोर लावायचा नाहीये.

मग आधी अ‍ॅनीलिंग करू, की शेल होल्डरचा माथा थोडा घासून घेऊ? घासायचा असेल तर किती हजारांश?