लिटिगेशनमध्ये, म्हणजे कोर्टात खटले लढवायच्या कामात, माणसासारखं जगू देणारी फर्म असते का? माझ्या मते असते, फक्त शोधायची पद्धत चुकते

पासओव्हर
फर्म बदलायच्या विचारात आहे आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो, कोर्टाचं काम करायचं असेल तर घड्याळ विसर नाहीतर कॉर्पोरेटला जा. मला हे अजिबात पटत नाही. मला कोर्टात उभं राहायला आवडतं, ते सोडायचं नाहीये. पण आपण रात्री उशिरापर्यंत का बसतो याची कारणं एकदा नीट वेगळी करून बघा.

एक असते कोर्टाची घाई. समोरच्याने अचानक मनाईचा अर्ज टाकला, उद्या सकाळी मेन्शन करणार, म्हणजे तातडीने ऐका असं कोर्टाला सांगणार, आज रात्रीत उत्तर तयार पाहिजे. याला इलाज नाही आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही, अशा रात्री तर काम करायला हुरूप येतो.

दुसरी असते ऑफिसची घाई. ड्राफ्ट सोमवारी सरांच्या टेबलावर ठेवलेला, फाइलिंग शुक्रवारी, आणि गुरुवारी रात्री साडेनऊला तो लाल पेनाने भरून परत येतो. दोन नवीन पॅरे मध्येच घुसवलेले, म्हणजे पुढचे सगळे पॅरा नंबर बदलणार, त्यामुळे एक्झिबिटचे (जोडलेल्या कागदांचे) संदर्भ बदलणार, इंडेक्स परत करायचा, पान नंबर परत टाकायचे, आणि ज्या क्लायंटने संध्याकाळी ॲफिडेव्हिटवर सही केली त्याला सकाळी परत बोलवायचं. यात कोर्टाने काय केलं सांगा? कोर्टाने तर तारीख कधीच देऊन ठेवली होती.

मी जिथे आहे तिथे दुसऱ्या प्रकारच्या रात्री खूप जास्त आहेत. म्हणून मी अशी फर्म शोधतोय जिथे पहिली घाई असेल पण दुसरी नसेल. सहाला घरी जाणारी फर्म मी मागतच नाहीये.

जुनी_फाईल
तुमचा त्रास खरा आहे पण विभागणी कागदावरच चांगली दिसते. ड्राफ्ट चार दिवस टेबलावर का पडला होता याचा विचार केलात का? बहुतेक वेळा तो सीनियर त्या चार दिवसांत दुसऱ्या मॅटरमध्ये (केसमध्ये) क्रॉस, म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी, घेत असतो. साक्षीदार पेटीत उभा असताना डोक्यात दुसरं काही राहत नाही, संध्याकाळी परत येऊन दुसऱ्या दिवसाचे प्रश्न लिहायचे असतात. आणि कोर्ट तारखा तुमची डायरी बघून देत नाही. एका दिवशी बोर्डावर (त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत) तीन मॅटर लागतात, जे नक्की चालणार म्हणून तयारी केली ते पुढे ढकललं जातं आणि जे चालणार नाही असं सगळ्यांनी धरलेलं तेच पुकारलं जातं. तुम्ही जिला ऑफिसची घाई म्हणता ती कोर्टाच्या घाईतूनच येते. पक्षकाराचं घर, धंदा, कधी कधी स्वातंत्र्य आपल्या हातात असतं. वकालतनाम्यावर सही केल्यावर मला अमुक वाजता निघायचंय असं म्हणता येत नाही, आणि येऊही नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रिजॉइंडर
सर, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहेच पण इथे पूर्ण विरोध. कोर्ट तारीख देतं हे मान्य, पण किती मॅटर घ्यायची हे कोर्ट ठरवत नाही, ते सीनियर ठरवतो. हाताशी दोन ज्युनियर आणि डोक्यावर चाळीस चालू मॅटर असतील तर तीन मॅटर एका दिवशी लागणारच, यात आश्चर्य काय आहे? तो नशिबाचा भाग नाही, कामं घेताना केलेला निर्णय आहे आणि त्याची किंमत पगार घेणारा ज्युनियर मोजतो.

@पासओव्हर, एक गोष्ट करून बघ. बऱ्याच कोर्टांचं रोजचं बोर्ड लोकांना बघायला खुलं असतं. ज्या पार्टनरच्या टीममध्ये जायचंय त्याचं नाव काही आठवडे बोर्डावर शोध. एकाच दिवशी चार वेगवेगळ्या कोर्टरूममध्ये नाव येत असेल आणि टीम छोटी असेल तर इंटरव्ह्यूत ते कितीही गोड बोलले तरी तुला तिथली परिस्थिती कळलेली असेल. एचआर काय सांगतं त्यापेक्षा हे हजार पटीने खरं. त्या टीमने ॲडजर्नमेंट (पुढची तारीख) कोणत्या कारणासाठी मागितली तेही बऱ्याचदा ऑर्डरमध्ये दिसतं. ‘उत्तर दाखल करायला वेळ हवा’ हे परत परत दिसलं तर ओळखायचं की तिथे काम कायम मागे पडलेलं आहे.

तासांचा_हिशोब
तुम्ही दोघं कोर्ट विरुद्ध सीनियर असं भांडताय आणि मधला खरा दोषी सुटतोय, तो म्हणजे बिलेबल तास, क्लायंटच्या बिलात लावता येणारे तास. अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेने, १९५८ साली वकिलांसाठी एक पुस्तिका काढली होती, त्यात वर्षाला साधारण १३०० तासच बिल करता येतील असा हिशोब मांडला होता. पुढे १९७५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने गोल्डफार्ब खटल्यात वकिलांच्या बारने (संघटनेने) ठरवून दिलेले किमान फीचे दर बेकायदा ठरवले आणि तासावर बिल करायची पद्धत आणखी घट्ट झाली. आता तिथल्या मोठ्या फर्ममध्ये २००० तासांचं टार्गेट कोणाला जास्तही वाटत नाही.

हिशोब करा. वर्षात ४८ आठवडे काम धरलं तर आठवड्याला जवळजवळ ४२ तास फक्त बिलात दाखवता येतील असे. जेवण, ट्रेनिंग, ऑफिसची मीटिंग, ज्युनियरला शिकवणं, बिलातून पार्टनरने कापलेला वेळ, हे सगळं त्याच्या वर. असं टार्गेट असलेल्या ठिकाणी सीनियर देवमाणूस असला तरी तुम्ही रात्री बसणारच, कारण लवकर काम संपवणाऱ्याचे तास कमी भरतात आणि तोच वर्षाच्या शेवटी मागे राहतो. म्हणून पहिला प्रश्न टार्गेट किती, दुसरा प्रश्न बोनस कशावर. टप्प्याप्रमाणे ठरलेली फी घेणाऱ्या फर्म बघा, तिथे वेळेत काम संपवणारा माणूस सगळ्यांना हवा असतो.

जुनी_फाईल
@तासांचा_हिशोब ठरलेल्या फीचं दुसरं टोक मी जवळून बघितलंय. फी ठरली की प्रत्येक जास्तीचा तास फर्मच्या खिशातून जातो, मग ज्युनियर कमी ठेवायचे आणि आहेत त्यांच्यावर ढकलायचं हे सुरू होतं. निकालावर फी घेणाऱ्यांकडे तास कोणी मोजत नाही पण ट्रायल (साक्षीपुराव्याची सुनावणी) आली की सगळं पणाला लागलेलं असतं आणि आठवडेच्या आठवडे घर दिसत नाही. पैसे कसेही घ्या, खटल्याला लागणारी मेहनत तेवढीच राहते.

उभा_ज्युनियर
मला कळतच नाही लोक सुरुवातीलाच बॅलन्स का शोधतात. पहिली काही वर्षं जळायचीच असतात. माझ्या बरोबरीचे जे आरामाच्या जागी गेले ते अजून कागदांची कंपाईलेशन लावतात आणि तारीख मागायला उभे राहतात, मी साक्षीदारांची क्रॉस घेतलीय. चांगलं काम जिथे आहे तिथे तास लांबणारच. जिथे सगळे वेळेवर घरी जातात तिथली मॅटर एकदा उघडून बघा, त्याच त्याच साच्यातल्या वसुलीच्या केसेस.

रिजॉइंडर
क्रॉस घेतलीस याचा खरंच आनंद आहे, पण जास्त बसलास म्हणून ती मिळाली का? ती मिळाली कारण कोणीतरी तुझ्यावर विश्वास टाकला. रात्री दोनला पान नंबर टाकून क्रॉस घेता येत नाही. आणि ‘जळायचंच असतं’ हे इतक्या सहज नको म्हणूस. अमेरिकेत २०१६ मध्ये १२,८०० हून जास्त वकिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास २१ टक्के लोकांचं दारू पिणं धोक्याच्या पातळीवर होतं आणि २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली. दारूचं प्रमाण सगळ्यात जास्त कोणात, तर वकिलीच्या पहिल्या दहा वर्षांतल्यांत. ज्या वर्षांना तू शिकायची वर्षं म्हणतोस तीच ही.

उभा_ज्युनियर
त्या अभ्यासात सगळ्या प्रकारचे वकील आहेत, फक्त लिटिगेशनचे नाहीत. दारूचं समर्थन मी करत नाहीये. पण शिकायला तास लागतात यावर मी ठाम आहे, आणि ते तास कोणी तुम्हाला दहा ते सहात बसवून देणार नाही.

रेकॉर्डवर_आहे
कामाच्या प्रकारावर कोणीच का बोलत नाहीये? मी आता जवळजवळ पूर्ण अपिलांवर काम करते. पुरावा संपलेला, रेकॉर्ड बंद, साक्षीदार ऐनवेळी फिरायची भीती नाही, क्लायंट रात्री अकराला नवीन कागद सापडला म्हणून फोन करत नाही कारण नवीन कागद सहजासहजी आत येतच नाही. काम सोपं नाही, हजार पानं वाचून त्यातला एक मुद्दा शोधणं डोकं पिळून काढतं, पण ते कधी करायचं हे बऱ्यापैकी माझ्या हातात असतं. स्थगितीचा अर्ज असला की मात्र पळापळ ठरलेली. फर्म तीच ठेवून टीम बदलली तरी आयुष्य बदलतं हे मी स्वतः बघितलंय.

जुनी_फाईल
मॅडम, अपिलाचं काम मलाही फार प्रिय आहे, पण ज्याने ट्रायल चालवली नाही त्याला रेकॉर्ड वाचताना काय राहून गेलंय ते दिसत नाही. तरुणांनी सुरुवातीलाच तिकडे जाऊ नये.

रेकॉर्डवर_आहे
ट्रायल करूनच आलेय मी. आणि घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यामुळे ‘कधीही फोन आला तर निघा’ हे मला आता शक्य नाही. अशा माणसाने वकिलीच सोडावी असं म्हणायचंय का तुम्हाला? कारण आत्तापर्यंतच्या तुमच्या सगळ्या बोलण्याचा अर्थ तोच निघतो.

जुनी_फाईल
नाही, तसं मला म्हणायचं नव्हतं आणि तसा अर्थ निघत असेल तर ते बरोबर नाही. पण कोणीतरी तो फोन घेतलाच पाहिजे, एवढं मी सोडणार नाही.

पासओव्हर
सर, कोणीतरी घ्यावा हे मला शंभर टक्के मान्य, माझा सगळा मुद्दाच तो ‘कोणीतरी’ कोण हा आहे. दोघांना मॅटर माहीत असेल तर एक रजेवर जाऊ शकतो. आमच्याकडे एका फाईलला एकच ज्युनियर, फाईलवर नोट नाही, मागच्या तारखेला काय झालं ते फक्त त्याच्या डोक्यात. मग तो तापाने फणफणला तरी कोर्टात उभा. दर तारखेनंतर चार ओळींची नोट फाईलला लावायची एवढी शिस्त असेल तरी निम्मे फोन येणार नाहीत असं मला वाटतं. इंटरव्ह्यूत मी हेच विचारणार आहे, तुमच्याकडचा शेवटचा माणूस रजेवर गेला तेव्हा त्याच्या मॅटरमध्ये कोण उभं राहिलं. नाव घेऊन उत्तर आलं तर पुढे बोलू.

तासांचा_हिशोब
यात एक धोका सांगतो. छोट्या चेंबरमध्ये हे उत्तर सुंदर मिळतं कारण सीनियर स्वतः चांगला माणूस असतो, पण सगळं त्याच्या एकट्याच्या स्वभावावर. तो आजारी पडला, चिडला, किंवा एक मोठा क्लायंट आला की नियम बदलले, आणि दाद मागायला कोणी नाही. मोठ्या ठिकाणी टार्गेट जीव घेतं पण रजेचा कागद तरी असतो.

रिजॉइंडर
कागद असतो, रजा मिळतेच असं नाही. सोडून गेलेल्या एखाद्या ज्युनियरशी बोल @पासओव्हर, जो गेल्या वर्षभरात गेलाय असा. तिथे असलेले लोक खरं बोलणार नाहीत, त्यांना उद्या परत तिथेच जायचंय.

जुनी_फाईल
सोडून गेलेल्याशी जरूर बोला, पण तो तिथून लिटिगेशनमध्येच दुसरीकडे गेलाय की लिटिगेशनच सोडलंय ते आधी विचारा. लिटिगेशन सोडलेला माणूस तुम्हाला कुठल्याच फर्मबद्दल चांगलं सांगणार नाही.