मदत हवी आहे: मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) 'बायरॅड्स ०' आलंय, उशिरा बाळंतपणाचा संबंध आहे का?

वय ४३, राहायला सिंहगड रोडला. त्रास काही नव्हता, हाताला गाठही लागत नाही. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत होती म्हणून मॅमोग्राफी केली. रिपोर्टमध्ये 'एसीआर टाइप सी', डाव्या बाजूला 'फोकल असिमेट्री' आणि खाली 'बायरॅड्स ०, सोनोमॅमोग्राफी करावी' असं आहे. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली. तोवर एका बाजूला गूगल आणि दुसऱ्या बाजूला घरचे.

मशीनवर घेण्याआधी फॉर्म भरून घेतला: पाळी कितव्या वर्षी आली, पहिलं बाळंतपण कधी, मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं. माझं एकच बाळंतपण, तेही ३६व्या वर्षी. टेक्निशियनने पेन थांबवून "छत्तीस?" असं पुन्हा विचारलं आणि पुढे लिहायला लागली. तेव्हापासून डोक्यात स्तनाच्या कॅन्सरचा किडा वळवळतोय. सासूबाई म्हणतात, दीड वर्ष पाजलंयस, तुला काही होत नाही. नणंद म्हणते, उशिरा मूल झालेल्यांनाच होतो. माहेरी आईच्या बाजूला कुणाला नाही, फक्त आत्याला साठीनंतर झाला होता.

या इतिहासामुळे माझा रिपोर्ट असा आलाय का? थेट एमआरआय करून घेऊ का? जाणकारांनी सांगा प्लीज.

फिल्मवाली: बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निष्कर्ष आकड्यात लिहायची पद्धत. त्यात शून्य म्हणजे निदान नाही. चित्र अपुरं आहे, आणखी बघायला हवं, एवढाच अर्थ. संशयास्पद वाटलं तर ४ किंवा ५ लिहितात आणि बायोप्सी सांगतात. आता 'सी', म्हणजे स्तनाच्या दाटपणाची श्रेणी. फिल्मवर चरबी काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे. गाठही पांढरीच. ग्रंथी दाट असल्या की ती त्यांच्यात लपू शकते, म्हणून सोनोग्राफी. चाळिशीत 'सी' सर्रास येतो. बाळंतपणं जास्त आणि पहिलं लवकर झालेलं असेल तर साधारणपणे दाटपणा कमी असतो, त्यामुळे तुमच्या इतिहासाचा थोडा हात असू शकेल. पण ती असिमेट्री, म्हणजे एकाच बाजूला दिसणारा दाट भाग, नेमकी काय आहे ते फॉर्म सांगणार नाही, सोनो सांगेल. एमआरआयचं डॉक्टरांना ठरवू द्या.

लोकसंख्या_४११: नणंदबाईंचं 'च' काढून टाका. १९७० साली अनेक देशांत मिळून केलेला एक गाजलेला अभ्यास आहे. पहिलं मूल अठराच्या आत झालेल्या बायकांचा धोका पस्तिशीनंतर झालेल्यांच्या साधारण एक तृतीयांश निघाला. म्हणून अठराव्या वर्षी मूल होऊ द्या असं कुणी म्हणणार नाही, हे वेगळं. २००२ मध्ये ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र केले, तेव्हा दर बाळंतपणामागे धोका ७ टक्के आणि दर वर्षभराच्या अंगावर पाजण्यामागे ४.३ टक्के कमी दिसला. हे टक्के मुळातल्या धोक्याचे, शंभर बायकांतले नव्हेत. सासूबाईंची दिशा बरोबर, 'काही होत नाही' मात्र खरं नाही.

आणखी एक, जे घरात कुणी सांगत नाही. बाळंतपणानंतर काही वर्षं धोका उलट थोडा वाढतो, साधारण पाचव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जास्त असतो, मग उतरत जातो. फायदा दिसायला दोन दशकांहून जास्त काळ लागतो. २०१९ च्या विश्लेषणात पन्नाशीपर्यंत कॅन्सर झालेल्यांचं प्रमाण मूल न झालेल्यांत १.९ टक्के, तर ३ ते ७ वर्षांपूर्वी बाळंत झालेल्यांत २.२ टक्के होतं. फरक आहे, पण झोप उडवण्याइतका नाही.

फिल्मवाली: आत्याला 'फक्त' म्हणू नका हो! बीआरसीएसारखा जनुकीय दोष वडिलांकडूनही येतो. साठीनंतरची एकच आत्या म्हणजे फार मोठी गोष्ट नाही, पण डॉक्टरांना सांगाच. बाबांच्या बाजूला अंडाशयाचा कॅन्सर कुणाला होता का, तेही विचारून जा.

धागाकर्ती: फॉर्ममध्ये 'आई, बहीण, मुलगी' एवढंच विचारलं होतं. बाबांना आज फोन करते. सासूबाईंना ४.३ टक्के सांगितले, तर "मग दीड वर्षाचे साडेसहा झाले ना?" म्हणाल्या. हिशोब चोख आहे. सोनो दुसऱ्या सेंटरला केली तर चालेल?

फिल्मवाली: चालेल, पण मॅमोग्राफीची सीडी मागून घ्या, नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. सोनो करणाऱ्याला ती जागा आधी फिल्मवर बघू दे, मग प्रोब लावू दे. आणि पूर्वी कधी मॅमोग्राफी झाली असेल तर तीही न्या. तीच सावली तेव्हाही तशीच असेल, तर अर्धं काम तिथेच होतं.