हवाई अंतर ५,५४० किमी, मग तिकिटावर ८ तास कसे?

तक्तेवाला:
विमानतळांच्या जोड्यांमधलं अंतर आणि लागणारा वेळ एक्सेलमध्ये मांडतोय. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके अक्षांश-रेखांशांवरून ५,५४० किमी आलं. ताशी ९०० किमीने भागलं तर ६ तास ९ मिनिटं. वेळापत्रकात मात्र जाताना साधारण ८ तास, येताना ७. सूत्र चुकलं की वेग?

वाराफिरा:
दोन्ही ठीक आहेत. चूक आहे ती थेट भागाकारात.

५,५४० किमी म्हणजे सुमारे २,९९० नॉटिकल मैल, आणि तेही पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. विमान काही त्याच रेषेला धरून जात नाही. उड्डाणानंतरची आणि उतरण्याआधीची ठरलेली वळणं, अटलांटिकवर वाऱ्याप्रमाणे निवडलेला मार्ग, टाळावं लागणारं वादळ यांत ३-४ टक्के सहज वाढतात. ३,१०० नॉटिकल मैल धरा.

आता वेग. मोठी जेट विमानं माक ०.८५ च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीच्या आसपास उडतात. त्या उंचीवरच्या उणे ५६ अंश तापमानात हा वेग सुमारे ४८८ नॉट (ताशी नॉटिकल मैल) भरतो. पण तो हवेच्या तुलनेतला वेग आहे, जमिनीच्या नव्हे. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. सरासरी ५० नॉटचा वारा धरला तर जाताना जमिनीवरचा वेग ४३८ उरतो, म्हणजे ७ तास ५ मिनिटं. येताना ५३८, म्हणजे ५ तास ४६ मिनिटं. हिवाळ्यात जेट स्ट्रीम जोरात असतो, तेव्हा ही तफावत आणखी वाढते.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम: चाकांखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा. त्यात चढण-उतरणीतल्या कमी वेगाची साधारण २० मिनिटं आणि दोन्ही टोकांच्या टॅक्सीची (विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत किंवा तिथून थांब्यापर्यंत चालतं ती) ३५ मिनिटं घाला. जातानाचे बरोबर ८ तास भरतात. येताना ६ तास ४१ मिनिटं होतात. उरलेली मिनिटं गर्दीच्या विमानतळावर घिरट्या घालाव्या लागल्या तर हाताशी असावीत म्हणून.

जाण्या-येण्याची सरासरी काढून एकच आकडा तक्त्यात टाकू नका. दोन दिशांना दोन रकाने ठेवा.

तक्तेवाला:
पटलं. पण दुसऱ्या एका यादीतून हीथ्रोचा अक्षांश घेतला तर अंतर थोडं वेगळं येतंय. तिथे ५१.२८३९ आहे.

अक्षांशी:
ते दशांश नाहीत, ५१ अंश २८ मिनिटं ३९ सेकंद सलग लिहिलेत. २८ ला ६० ने आणि ३९ ला ३६०० ने भागून बेरीज करा: ५१.४७७५. तसंच ठेवलं तर विमानतळ २१ किमीहून जास्त दक्षिणेला सरकतो. उत्तर विश्वासार्ह वाटतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. एक्सेलची त्रिकोणमिती रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) चालते, अंश आधी बदलून घ्या. आणि पश्चिम रेखांशांना उणे चिन्ह हवंच. दोन्ही ठिकाणं ग्रीनिचच्या पश्चिमेला असली की चिन्ह विसरूनही उत्तर बरोबर येतं, आणि पुढची जोडी फसते.

वाराफिरा:
वेळ स्थानिक घड्याळांवरून काढत असाल तर एक सांभाळा. लंडन न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे असतं, पण मार्चमध्ये उन्हाळी वेळेसाठी अमेरिका घड्याळं आधी पुढे करते आणि शरद ऋतूत ब्रिटन ती आधी मागे घेतं, त्यामुळे त्या मधल्या दिवसांत फरक ४ तासांचा होतो. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा, मगच वजाबाकी.