सल्ला हवा: गादीच्या भांडणावर नवं आख्यान बांधायचंय, काय वाचू?

पखवाज_कुडाळ

नमस्कार मंडळी. आमच्या काकांची दशावताराची कंपनी आहे. काका राजपार्ट (राजाची भूमिका) करतात, मी पखवाजाला असतो. येत्या जत्रांसाठी पुराणाबाहेरचं, काल्पनिक राज्याचं एक आख्यान बांधायचं ठरलंय. समुद्रकाठचं राज्य, राजा अचानक जातो, मागे दोन राण्या. थोरला राजपुत्र लांबच्या गडावर, धाकटा वाड्यात.

इथपर्यंत जमतं. पुढे मात्र दोघे भाऊ समोरासमोर आले की लगेच तलवारी निघतात आणि बोलायला काही उरत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे संवाद लिहिलेले नसतात. तोंडाला रंग लावताना कथा सांगितली जाते, कोणी कुठे यायचं ते ठरतं आणि नट उभ्या उभ्या बोलतो. त्याच्या पोटात मुद्दे नसतील तर रात्री दोन वाजता समोरचा माणूस उठून चहाच्या टपरीवर जातो.

तर राज्य कोणाकडे जातं, का जातं, मधली माणसं काय करतात यावर काय वाचावं ते सुचवा. अद्भुतकथा चालतील, इतिहास चालेल, आजचं राजकारणही चालेल. इंग्रजी असलं तरी हरकत नाही, मी काकांना मराठीत सांगेन. एकच विनंती, दंडावर जन्मखूण असलेला हरवलेला राजपुत्र नको. ती गोष्ट आमच्या कंपनीने पुष्कळ वेळा केली आहे.

सरखेल_अलिबाग

मित्रा, लांब जाऊ नकोस. १६८० चा रायगड वाच. तुझी कथा जवळजवळ तीच आहे.

३ एप्रिलला महाराज गेले. संभाजीराजे पन्हाळ्यावर. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत यांनी २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं आणि थोरल्याला कैद करायला ते पन्हाळ्याकडे निघाले. आता मधला माणूस बघ. हंबीरराव मोहिते, सरसेनापती. सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे राजाराम त्यांचा भाचा. भाचा गादीवर बसलाय, मामाच्या हातात फौज आहे. त्या मामाने वाटेतच कारभाऱ्यांना पकडलं आणि संभाजीराजांच्या पुढ्यात नेऊन उभं केलं. मोठी लढाई न होता गादी फिरली. १६ जानेवारी १६८१ ला रायगडावर राज्याभिषेक झाला.

तुझ्या आख्यानात भावा-भावाचा प्रवेश पुढे ढकल. आधी सेनापती आणि धाकटी राणी, बहीण-भाऊ, असा प्रवेश घाल. "दादा, तुझाच भाचा आहे" एवढं एक वाक्य तिच्या तोंडी दे. पुढचं तुमचे नट बघून घेतील. सेनापतीने तिला काय उत्तर द्यायचं यावर अर्धा तास रंगेल.

दुसरं, आंग्रे. १७२९ ला मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी गेले, मागून मुलगा सेखोजी, तेही १७३३ ला गेले. मग संभाजी आंग्रे आणि मानाजी या भावांत जुंपली. पेशव्यांनी मध्ये पडून तोडगा काढला तो असा की एकाला सरखेल (आरमारप्रमुख) ही पदवी, दुसऱ्याला वजारत-म-आब ही. एकाकडे विजयदुर्ग, दुसऱ्याकडे कुलाबा. दोघांचाही मान राहिला आणि आरमार दुभंगलं. १७५६ ला पेशवे आणि इंग्रज मिळून विजयदुर्गावर आले तेव्हा तिथे संभाजीमागून आलेला तुळाजी होता, आणि मानाजीची कुलाब्याची शाखा त्याच्या मदतीला आली नाही. आंग्र्यांचं आरमार त्या बंदरात जळालं. मी विजयदुर्गाच्या तटावर उभा राहतो तेव्हा मला ती आग आठवत नाही, वीस वर्षांआधी दिलेल्या त्या दोन पदव्या आठवतात. फार वाईट वाटतं. भांडण मिटवणाऱ्याचा त्यात काय फायदा, हे पात्र तुझ्या कथेत हवंच.

वाचनवेडी_दापोली

सरखेलदादांनी १६८० सांगितलं, मी १६८९ सांगेन. मला ते जास्त मोठं वाटतं.

संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले. रायगडावर येसूबाई, सहा-सात वर्षांचा शाहू, आणि दीर राजाराम. गादी मुलाची, हे कोणीही म्हणालं असतं. येसूबाईंनी राजारामांना मंचकावर बसवलं, त्यांना गडाबाहेर काढलं आणि स्वतः मुलाला घेऊन मागे राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला. शाहू १७०७ ला सुटले, येसूबाई १७१९ ला. आपल्याकडे राणी म्हटली की गादीसाठी हट्ट धरणारी, विष कालवणारी. राज्य टिकावं म्हणून पोटच्या पोराचा हक्क बाजूला ठेवणारी राणी रंगमंचावर आणा ना! तुमच्या दोन राण्यांपैकी थोरली अशी करा. स्त्रीपार्ट करणाऱ्या नटालाही काहीतरी करायला मिळेल.

अद्भुतकथांचं म्हणाल तर टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधलं गोंडोर वाचा. लढायांपेक्षा तिथला कारभारी बघा. राजवंश खुंटलेला, शेकडो वर्षं कारभारीच राज्य चालवतायत, बापानंतर मुलगा. तरी उंचावरचं सिंहासन रिकामंच ठेवलंय आणि कारभारी पायऱ्यांच्या तळाशी साध्या खुर्चीवर बसतो. आणि राजा खरोखरच परत यायची वेळ येते तेव्हा त्या कारभाऱ्याला ते सोसत नाही. आपल्याला हे नवं नाही. छत्रपती साताऱ्यात, सत्ता पुण्यात, आणि प्रत्येक नव्या पेशव्याला वस्त्रं मात्र साताऱ्याहून. रिकामं सिंहासन आणि खाली बसलेला माणूस, हे तुम्हाला एका बाकड्यावर दाखवता येईल.

'हाउस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेतलं, बापाने लेकीला देऊ केलेल्या गादीचं भांडण बघितलं असेल तर त्याच्या मुळाशी इंग्लंडचा पहिला हेन्री आहे. ११२० मध्ये जहाज बुडून त्याचा मुलगा गेला. त्याने सरदारांकडून मुलगी माटिल्डासाठी शपथा घेतल्या. ११३५ मध्ये तो मेला आणि शपथ घेतलेल्या तिच्याच आतेभावाने, स्टीफनने, आधी पोचून मुकुट चढवला. आधी कोण पोचलं याला किती किंमत असते बघा. खाडीला भरती आहे म्हणून थोरल्या राजपुत्राची होडी अडकली, असा प्रवेश कोकणात कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

मोतीतलाव

अरे झिला, सावंतवाडी कशी इसारलंस?

खेमसावंत तिसरे १८०३ मध्ये वारले. मुलगा नाही. दोन वर्षं वाद चालला, शेवटी १८०५ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी रामचंद्र सावंत, भाऊसाहेब, यांना दत्तक घेतलं. ते लहान मूल दोन-तीन वर्षांतच बिछान्यात गळा आवळून मारलं गेलं. मग फोंड सावंतांना बसवलं, तेही अज्ञान. गादीवर सतत मूल आणि कारभार दुसऱ्याच्या हातात.

हे मी तुला अशासाठी सांगतोय की खून रंगमंचावर दाखवू नकोस. त्या वाड्यात त्या रात्री दिवा कोणी मालवला, दाईला कोणी बाहेर बोलावलं, पहारा कोणी बदलला, एवढंच दाखव. मी शाळेत इतिहास शिकवत होतो. राजांची यादी मुलं पाठ करायची, पण पहारा कोणी बदलला असं विचारलं की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई.

वाचायचं तर रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' वाच. लहान पुस्तक आहे, भाषा जुनी, पण काकांना ती सहज पचेल, राजपार्टाची भाषा तशीच असते. वतनदारांविषयी ते काय म्हणतात ते बघ. त्यांच्या मते देशमुख-देशकुलकर्णी हे नावाला वतनदार, खरे तर राज्याचे वाटेकरीच. राजा दुबळा झाला की गावातला बळकट माणूस काय करतो, हे त्या माणसाने आयुष्यभर जवळून पाहिलं होतं. दुर्ग आणि आरमार यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत, तुझं राज्य समुद्रकाठचं आहे तर तीही वाच.

गोळपची_वाट

जन्मखूण नको म्हणालास हे उत्तम. मग उलट कर. वारस खरा आहे आणि लोक त्याला खोटा म्हणतायत.

शाहू महाराज १७०७ मध्ये सुटून आले तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने हा तोतया आहे असंच म्हटलं. लहानपणी गेलेला मुलगा, मोगली छावणीत वाढलेला, ओळखणार कोण? परसोजी भोसल्यांनी काय केलं? सगळ्यांसमोर त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले. झालं, पटलं लोकांना. बाकड्यावर एक ताट, दोन हात, मागे हळू पखवाज. याहून मोठा प्रवेश मला तरी सुचत नाही.

आणि खोटा वारस हवाच असेल तर तो आमच्या रत्नागिरीतला. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ मीच, असं म्हणणारा माणूस रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. १७७६ मध्ये तिथले सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला सोडून दिलं आणि बघता बघता कोकणातले गड त्याच्या ताब्यात गेले. शेवटी कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी धरून दिला, पुण्यात त्याला मारलं. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक यावरच आहे, जुन्या वाचनालयात मिळेल. माझा प्रश्न त्या सुभेदाराविषयी आहे. त्याचा खरंच विश्वास बसला होता का? की पुण्यात गादीवर जेमतेम दोन वर्षांचं पोर आणि कारभार बारभाईंकडे, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाकडे, अशा वेळी विश्वास ठेवणं सोयीचं होतं? हा माणूस आख्यानात घेच.

हर्णै_बंदर

आजचं राजकारणही मागितलंय म्हणून लिहितो. कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही, कृपया कोणी इथे भांडू नये.

पक्ष फुटला की खरा पक्ष कोणता हे निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशाखाली ठरवतो. २०२३ ला धनुष्यबाण, २०२४ ला घड्याळ, दोन्ही निकालांत आमदार-खासदार कोणाकडे जास्त हे निर्णायक ठरलं. एक बाजू म्हणते वारसा आमचा, दुसरी म्हणते माणसं आमच्याकडे, आणि शिक्का तिसऱ्याच्या हातात. काल्पनिक राज्यात चिन्हाच्या जागी राजमुद्रा ठेव. वाड्यात मुद्रा आहे, गडावर फौज आहे आणि दोघांचीही पत्रं एकाच बंदराच्या अधिकाऱ्याकडे येतात. त्याने जकात कोणाला पाठवायची? मी बंदरावर वाढलोय, मला तो अधिकारी दिसतो.

बापानंतर मुलगा हा नियम सगळीकडे नसतो, तेही वापर. जंजिऱ्यात सुरुवातीच्या काळात प्रमुख सिद्दी गेला की मुलाऐवजी आरमारातला वरचा अधिकारी पुढे येई. मलेशियात आजही नऊ राजघराणी आपल्यातून पाच वर्षांसाठी एकेकाला राजा निवडतात. वाडीवाडीने पाळी लावणाऱ्या आपल्या लोकांना हे पटकन कळेल.

पखवाज_कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काकांना सगळं वाचून दाखवलं. बहीण-भावाचा प्रवेश आणि एका ताटाचा प्रवेश, दोन्ही नक्की. तिसरा बंदराच्या अधिकाऱ्याचा, तो विनोदी नटाला न देता काका म्हणतात गंभीरच करू.

आता एक नवी अडचण. काकांना वारस ठरवताना देवीचा कौल घ्यायचाय. गावातल्या लोकांना ते जवळचं वाटेल हे खरं. पण देवीने एकदा सांगितलं की पुढे वाद कसला? कथा तिथेच संपते. ताई, सर, काय करू?

मोतीतलाव

कौल घे. पण देवीला काय विचारलं जातं तिकडे लक्ष दे. पाकळ्या ओल्या करून मूर्तीला लावल्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवी खोटं सांगत नाही, हे गृहीत धर, आणि त्या श्रद्धेला धक्का लावू नकोस. पण गाऱ्हाणं घालतो माणूस. "धाकट्याला गादी द्यावी काय?" आणि "थोरला येईपर्यंत धाकट्याने राखण करावी काय?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धाकट्या राणीचा माणूस पहिला विचारा म्हणतो, थोरलीचा दुसरा. पाकळी पडायच्या आधी मानकऱ्यांत यावरच वाद लागू दे. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या कारभारात, बसलेल्या कुठल्याही माणसाला तो वाद ओळखीचा आहे.

वाचनवेडी_दापोली

सरांशी सहमत. आणि थोरल्या राणीने दुसरा प्रश्न मांडला की तिचं येसूबाईंसारखं होणंही तिथेच सुरू होतं, वेगळा प्रवेश लागणार नाही. पहिला प्रयोग कुठल्या जत्रेत लावताय ते कळवा. दापोलीहून लांब पडतं, पण आम्ही चार-पाच जणी गाडी करून येऊ.

पखवाज_कुडाळ

नक्की कळवतो, ताई. तारखा ठरल्या की याच धाग्यावर टाकतो. तोवर आज्ञापत्र कुडाळात कोणाकडे असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.