टीबीआयचं फ्यूल प्रेशर वाढवायचं की आधी चिप? (शेवी ३५०, कॅम बदललेला)

बोल्टनट, टेक्सास

गाडी १९९१ ची शेवरले सी१५०० पिकअप, इंजिन ३५० म्हणजे ५.७ लिटरचं, वर जीएमचं दोन इंजेक्टरवालं टीबीआय, म्हणजे थ्रॉटल बॉडी इंजेक्शन. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, लांबून कार्ब्युरेटरच वाटतो, फक्त थ्रॉटलच्या डोक्यावर दोन इंजेक्टर बसलेत आणि ते वरून पेट्रोल फवारतात. मी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललाय, हेडर्स (मोकळे एक्झॉस्ट पाइप) टाकलेत, आणि आता हायवेला बीएलएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, १४० च्या आसपास दिसतंय. १२८ म्हणजे सगळं ठीक, त्याच्या वर म्हणजे ईसीएमला (त्याच कॉम्प्युटरला) मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतंय आणि तो स्वतःहून पेट्रोल वाढवतोय, इथे साधारण ९ टक्के.

माझं मत सरळ आहे. प्रेशर आत्ता ११ पीएसआय आहे, कंपनीचं स्पेसिफिकेशनच ९ ते १३ आहे, मग १३ करा की. पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे ११ चं १३ केलं की जवळपास ९ टक्के, बरोबर जेवढं कमी पडतंय तेवढंच. रेग्युलेटरच्या झाकणाला भोक पाडून आटे पाडायचे आणि स्प्रिंग दाबणारा एक स्क्रू घालायचा, खर्च जवळजवळ शून्य. ह्यासाठी लोक लगेच ईसीएमची चिप जाळायला (तिच्यात नवा प्रोग्राम लिहायला) का पळतात हे मला कळत नाही.

चिपवाला

आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी!! साहेब हायवेचा आकडा दिलात, आयडलचा, म्हणजे गाडी उभी असतानाचा, द्या ना.

बोल्टनट, टेक्सास

आयडलला ११५ च्या आसपास.

चिपवाला

वाटलंच. आता बघा काय होतंय, ह्या गाडीत हवा मोजणारं काहीच नाही, ईसीएम मॅप सेन्सरवरून मॅनिफोल्डचं प्रेशर बघतो, आरपीएम बघतो आणि टेबलातून अंदाज काढतो की एवढी हवा गेली असणार. ते टेबल जुन्या कॅमचं. नव्या कॅमचा ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा वेळ) जास्त, आयडलला व्हॅक्यूम कमी, म्हणजे ईसीएमला वाटतं इंजिनवर लोड आलाय, तो पेट्रोल ओततो आणि आयडल रिच होतं. वर गेलं की तेच इंजिन जुन्यापेक्षा जास्त हवा ओढतं आणि टेबल कमी पडतं, तिथे लीन. म्हणजे खाली जास्त आणि वर कमी, आणि तुम्ही स्क्रू फिरवून दोन्हीकडे सारखंच ९ टक्के वाढवणार. हायवे १२८ ला येईल हो, पण आयडल ११५ वरून १०६ ला जाईल आणि बीएलएम खालच्या मर्यादेला टेकेल. मग सिग्नलला उभं राहिलं की डोळे चुरचुरणार. टेबलाचं दुखणं टेबलातच बरं करायचं असतं.

रेंचमास्तर

चिपवाल्यांचं टेबलाबद्दल पटतं पण ते एक गोष्ट नेहमी गाळतात, चिपमधून पेट्रोल येत नाही, इंजेक्टरमधून येतं.

३५० चे इंजेक्टर साधारण ६० पाउंड प्रति तासाचे, दोन मिळून १२०. सतत उघडे ठेवता येत नाहीत, ८५ टक्के धरा, १०२ पाउंड. एका हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पाउंड पेट्रोल धरलं तर हिशेब २०४ हॉर्सपॉवरला संपतो. आणि कंपनी ह्या इंजिनाला २१० सांगायची! म्हणजे जीएमने इंजेक्टर अगदी मापात दिलेत, वर शिल्लक काही नाही. आता कॅम आणि हेडर्सने २३० झाले असं समजा, तर १२ पीएसआयला जेवढं येतं तेवढं पुरणारच नाही, १५ च्या जवळ जावं लागेल. चिपमध्ये पल्स (इंजेक्टर उघडा ठेवायचा वेळ) कितीही लांब करा, इंजेक्टर शंभर टक्के उघडा राहिला की पुढे काय? फुल थ्रॉटलला लीन, मग नॉक (पेट्रोल भलत्या वेळी पेटून ठोके), मग नॉक सेन्सर टायमिंग मागे ओढणार आणि तुम्ही म्हणणार कॅम बेकार निघाला.

म्हणून प्रेशर आधी. आणि जीएमनेच ४५४ च्या काही टीबीआयला ३० च्या आसपास प्रेशर दिलेलं आहे, त्यामुळे प्रेशर वाढवणं म्हणजे काही पाप नाही.

चिपवाला

मास्तर, गणित मान्य. पण प्रेशर वाढवल्यावर इंजेक्टरचा फ्लो बदलला हे ईसीएमला कोण सांगणार? चिपमध्ये बेस पल्स कॉन्स्टंट असतो, त्यात इंजेक्टर केवढा ते धरलेलं आहे, तो बदलावाच लागतो. म्हणजे फिरून चिपच! नाही बदलला तर हायवेला ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणारा) सांभाळून घेईल, पण फुल थ्रॉटलला ईसीएम ओटूचं ऐकतच नाही, तिथे जे काय ९ टक्के जास्त जाईल ते जाईल.

बोल्टनट, टेक्सास

फुल थ्रॉटलला जास्त गेलेलं मला हवंच आहे की. अजून एक, एअर क्लीनर काढून इंजेक्टरवर टायमिंग लाइट (इंजिनाच्या तालावर लुकलुकणारा दिवा) मारून बघा कधी, फवारा जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. माझ्याकडे ११ ला एका बाजूचा कोन नीट होता पण दुसऱ्याचे कडेला जाड थेंब पडत होते आणि थ्रॉटलच्या पाळीवर ओघळ येत होता. प्रेशरने फवारा बारीक होतो हा फायदा कुठल्याच टेबलात दिसत नाही.

चिपवाला

एका बाजूला जाड थेंब म्हणजे तो इंजेक्टर घाण झालाय, क्लीन करा किंवा बदला. त्याला प्रेशरचा उपाय कसला 😀

गॅरेजकर, नाशिक

तुम्ही सगळे प्रेशर प्रेशर करताय, मोजलं कसं ते कोणी विचारलंच नाही. ह्या टीबीआयला टेस्ट पोर्ट नसतो, फिल्टरनंतर लाईनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) घालून गेज लावावा लागतो. आणि गेज ३० पर्यंतचाच घ्या, शंभरच्या गेजवर ११ आणि १३ मधला फरक काट्याच्या जाडीत जातो. दुसरं, टाकीतला जुना पंप आयडलला १३ दाखवेल आणि चढावर फुल थ्रॉटल दिलात की ९ वर येईल, तेव्हा गेज काचेसमोर बाहेर बांधा आणि चालवत बघा, केबिनच्या आत पेट्रोलची लाईन अजिबात आणू नका. लोड खाली प्रेशर पडत असेल तर स्क्रू फिरवून काही होणार नाही, आधी फिल्टर, मग पंपाला पोचणारे व्होल्ट, मग पंप. मी दोन्हीकडचा नाही, पण ११ का आहे हे न बघता १३ करणं मला पटत नाही.

रेंचमास्तर

गॅरेजकर, शंभर टक्के. नवा पंप माझ्या हिशेबात धरलेलाच आहे.

स्मॉगग्रस्त, सॅन होजे

टेक्सासवाल्यांची मजा आहे. आमच्याकडे कॅलिफोर्नियात १९७६ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी), आणि तो नळीत सेन्सर घालून संपत नाही, माणूस बॉनेट उघडून बघतो. कार्ब म्हणजे कॅलिफोर्नियाचं हवा-प्रदूषण खातं, त्याच्या ईओ (मंजुरी) नंबरशिवाय ॲडजस्टेबल रेग्युलेटर दिसला की आकडे कितीही चांगले असोत, नापास. चिप निदान दिसत तरी नाही (हे मी बोललो नाही).

जिप्सीवाला, पुणे

आमच्या जिप्सीला कार्ब्युरेटरवरून थेट एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) आलं, हे मधलं स्टेशन आम्ही बघितलंच नाही. पण एक शंका, तुमच्याकडे पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं ना? मग त्या १४० मधलं थोडं तर तिथेच गेलं. एका भाग साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई१० ला १४.१, म्हणजे ४ टक्के. इथे आता ई२० आहे त्यामुळे आम्हाला हे हिशेब पाठ झालेत.

चिपवाला

हा मुद्दा भारी आहे. अजून एक, हेडर्स लावल्यावर ओटू सेन्सर इंजिनपासून लांब गेला असणार. एक वायरवाला असेल तर आयडलला थंड पडतो आणि काहीही सांगतो. वर ओव्हरलॅपमुळे न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये जाते, तीही त्याला लीन वाटते. म्हणजे तुमचा ११५ सुद्धा खरा असेलच असं नाही.

बोल्टनट, टेक्सास

तीन वायरचा हीटरवाला लावलाय, तेवढं येतं मला. इथेनॉलचं मात्र धरलं नव्हतं. तरी ४ गेले तर ५ उरतातच. आणि चिपवाले, तुमच्या मार्गात लॅपटॉप, ईप्रॉम बर्नर, केबल आणि महिनाभर डेटा लॉग, माझ्या मार्गात एक स्क्रू आणि एक लॉकनट. कॅम फार मोठा नाही हो, ट्रकचाच आहे.

चिपवाला

ट्रकचा कॅम आयडलला ११५ दाखवत नाही. निदान वाइडबँड (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लावा आणि फुल थ्रॉटलला प्रमाण १२.५ ते १३ मध्ये येतंय का बघा, मग फिरवा स्क्रू नाहीतर काय ते.

रेंचमास्तर

हे बरोबर. वाइडबँड आधी, त्यात वाद नाही. हवा-पेट्रोलचं प्रमाण १३ च्या वर गेलं, म्हणजे लीन निघालं, तर प्रेशर १४-१५ पीएसआय करा आणि मग चिपवाल्यांकडून कॉन्स्टंट बदलून घ्या. प्रमाण १३ च्या आत असेल तर प्रेशरला हात लावू नका आणि आयडलचं टेबल तेवढं नीट करा.

बोल्टनट, टेक्सास

वाइडबँड मित्राकडे आहे, शनिवारी आणतो. इंजेक्टर काढून धुणार आणि पंपाचे व्होल्टही बघणार. पण स्क्रूचं भोक पाडून ठेवतोय, ते काही मी सोडत नाही.

गॅरेजकर, नाशिक

भोक पाडताना आधी झाकण काढून बाकावर घ्या, आतली स्प्रिंग उडते. आणि डायफ्राम तीस वर्षांचा असेल तर त्याच वेळी नवीन टाका, किट मिळतं.