मदत हवी आहे: अर्ध्यावर आलेली कॅम्पेन २०२४ च्या नियमांवर नेताना पॅलाडिन अडलाय

डंजन्स अँड ड्रॅगन्स या डाइस टाकून खेळायच्या रोलप्लेइंग गेमची आमची कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट) २०१४ च्या नियमांवर नवव्या लेव्हलपर्यंत आलीये. मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवण्याचं काम माझं), खेळणारे चौघे. आता २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकवर, म्हणजे खेळाडूंच्या नव्या नियम-पुस्तकावर, जायचंय.

आधी 'ज्याला जे हवं ते' करून पाहिलं. पॅलाडिन (दैवी शक्तीचा योद्धा) जुन्या नियमांवर, फायटर (साधा योद्धा) नव्या. दुसऱ्याच सेशनला भांडणं, त्यामुळे सगळे एकाच पुस्तकावर हे नक्की. ॲबिलिटी स्कोअर (ताकद, चपळाई वगैरेचे आकडे) जुनेच ठेवलेत, ओरिजिन फीट (पात्राच्या पार्श्वभूमीतून मिळणारी खास क्षमता) सगळ्यांना दिलंय. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) कॉन्जर ॲनिमल्स या स्पेलने (मंत्राने) बोलवायचा ते आठ लांडगे गेले, याचा मला तरी आनंदच आहे. त्यांचे डाइस टाकेपर्यंत चहा गार व्हायचा.

अडलंय ते डिव्हाइन स्माइटवर (पॅलाडिनचा फटका लागला की जादा इजा करणारी त्याची ताकद). आता तो बोनस ॲक्शन (टर्नमध्ये एकदाच मिळणारी छोटी जादा कृती) खाणारा स्पेल आहे, म्हणजे एका टर्नमध्ये दोन्ही फटक्यांवर स्माइट बंद. पॅलाडिनवाल्याचं म्हणणं, 'माझं कॅरेक्टरच काढून घेतलंस.' रोज एक स्माइट फुकट मिळतो, घोडाही फुकट मिळतो, हे सांगून झालं. ले ऑन हँड्स (हात लावून जखमा बऱ्या करणं) बोनस ॲक्शनवर आला खरा, पण तोही स्माइटशीच भांडतो.

माझा विचार असा: स्माइट टर्नला एकदाच, पण बोनस ॲक्शन न लागता. नवं मॉन्स्टर मॅन्युअल आमच्याकडे नाही, राक्षस २०१४ चेच राहणार. क्लास (पात्राचा प्रकार) बदलणं किंवा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात हे पर्याय नकोत.

हा हाऊसरूल (आपल्या टेबलापुरता बदललेला नियम) कोणी नवव्या लेव्हलच्या पुढे चालवलाय का? जुन्या राक्षसांसमोर पॅलाडिन डोईजड होतो का?