बाबांनी माळ घातली, मासे सुटले. आता ताटात काय वाढू?

बंदरावरची लेक:
यंदा कार्तिकीला बाबांनी पंढरपुरात माळ घातली. जन्म वेंगुर्ल्यात गेला, बांगड्याचं तिरफळ असलं की दोन घास जास्त जेवायचे. सोमवार आणि श्रावण आमच्याकडे पाळतातच, पण आता मासे कायमचे बंद. त्यांचा निश्चय मला मनापासून आवडलाय, तो मोडायला कुणी सांगू नका.

काळजी वेगळीच आहे. वय सत्तरीकडे झुकलेलं, मधुमेह, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू. हल्ली पायांना मुंग्या येतात म्हणतात, दुपारी गळून जातात. अंडंही सोडलंय. रोजचं जेवण म्हणजे भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी. एकादशीला दोन्ही वेळा साबुदाणा. आई मासे खाते, त्यामुळे भांड्यांचाही प्रश्न आहे. तुमच्याकडे कसं करतात?

सांगोल्याचा माळकरी:
ताई, रामकृष्ण हरी. आमच्या घरी तीन पिढ्यांची माळ आहे. बाबांसाठी एक तवा, एक कढई नि एक पळी वेगळी ठेवा, बाकी घर आहे तसं चालू द्या. आईंवर सक्ती नको, माळ त्यांनी घातलेली नाही. कांदा-लसूण आमच्याकडे चालतो, फक्त एकादशीला नाही. तुमच्याकडे बाबांनाच विचारा. आणि उपास औषधाच्या आड येत असेल तर खुशाल फराळ वाढवा. पांडुरंग माणसाला उपाशी ठेवून घेत नाही.

आहारसल्ला:
मी दवाखान्यात मधुमेहींचा आहार बघते. मुंग्या अंगावर काढू नका. मधुमेहाने नसांवर परिणाम होऊन त्या येतात, तशा बी-१२ कमी पडल्यानेही येतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ शरीरात कमी शोषलं जातं, आणि त्यांचे मासे-अंडी नेमके आता बंद झालेत. डाळी-भाज्यांत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. दूध, दही, ताक, पनीर यांत असतं, पण कमतरता असेल तर तेवढ्याने भागत नाही. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तशा गोळ्या किंवा इंजेक्शन घ्या. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका.

साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, साखर भराभर चढते. त्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, वाटीभर दही. एक गोष्ट आजच बघा: मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ही साखर उतरवणारी दुसरी गोळी आहे का? असेल तर उपासाला साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं झालं किंवा मीटरवर ७०च्या खाली आकडा दिसला, तर लगेच साखरपाणी द्या. त्या घडीला एकादशी बघायची नाही.

तिरफळ:
अगो, मालवणी माणसाक बटाट्याची भाजी कित्याक? काळे वाटाणे रात्री भिजत घाल, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप लाव, सांबारं नि आंबोळी वाढ बघू! कुळथाची पिठी आहे, चैत्रात ओल्या काजूची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी. बाबांना जीव आहे तो तिरफळाच्या वासात. बांगड्याला करतेस तसंच वाटण कर, त्यात सुरणाच्या फोडी घाल. तिरफळाची बी काढून टाक, सालं जराशी ठेचून शेवटच्या उकळीला सोड. माझ्या सासऱ्यांनी माळ घातली तेव्हा मी हेच करून वाढत होते. भात मात्र आवर, वाटाणे जास्त.

बंदरावरची लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांची गोळ्यांची पाकिटं बघितली, ग्लिमेपिराइड आहेच. उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेते, बी-१२ही तपासून घेते. बाबा म्हणाले, कांदा चालेल. काळे वाटाणे भिजत घातलेत.

आहारसल्ला:
पुढच्या एकादशीला गोळी कधी आणि किती घ्यायची, तेही उद्याच कागदावर लिहून घ्या.